चौथी जागा

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर सांगितलं असतं, पण तू तालमीच्या गडबडीत अर्धंच ऐकतेस आणि उरलेलं मनाने भरतेस.

तर, आमच्या ड्रोनची स्पर्धेसाठी निवड झाली! कड्यांमधून उडायचं, डबी उचलून खुणेवर ठेवायची आणि मध्ये काही मोडलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. आम्ही वर्कशॉप डोक्यावर घेतलं. मग सरांनी सांगितलं, की जाता येईल फक्त चौघांना. आम्ही सातजण. कप्तान म्हणून माझी जागा धरली तर उरल्या तीन, आणि त्यांच्यावर सहाजणांचा डोळा. निवड माझ्यावर ढकलून सर मोकळे झाले.

तेव्हापासून सगळे माझ्याशी इतकं गोड बोलताहेत की नको वाटतं. होस्टेलवरची माझ्याच खोलीतली मैत्रीण टाचणी तर न सांगता माझे कपडे वाळत घालते. माझं हे शेवटचं वर्ष, तीन वर्षं याच दिवसासाठी राबले, आणि आता जाण्याआधीच निम्म्या टीमशी वैर येणार. तू नाटक कंपनी चालवतेस. दौऱ्यावर कुणाला न्यायचं हे कसं ठरवतेस?

लोभ आहेच, सल्लाही असू दे.
तुझी भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अर्धंच ऐकते म्हणे! आगाऊपणा अगदी माझ्या भावावर गेलाय.

गाडीत जागा कमी असली की मी तालमीला रोज एकाला बाहेर बसवते. कोण किती गुणी ते बघत नाही, त्याच्यावाचून घोडं कुठे अडतं तेवढंच बघते. एकदा आमचे नायकमहाशय बाहेर बसले आणि तालीम झकास झाली. त्यांनी आठवडाभर अबोला धरला, पण नंतर वेळेवर यायला लागले. तूही करून बघ. आणि टाचणीला कपडे वाळत घालू दे, हे दिवस पुन्हा येणार नाहीत.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहे, ती तशीच राहील.
तुझी आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी युक्ती केली आणि पंचाईत वाढली. सांगाडा बनवणारे दोघे एकेक करून बाहेर बसले, काही अडलं नाही. आपलं काम इथेच संपलं, हे त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं. पण ड्रोन उडवणारा आमचा गरुड नसताना तो भिंतीवर आपटला. प्रोग्रॅम लिहिणारा, ज्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो, तो नसताना प्रोग्रॅम रुसला. टाचणी नसताना ड्रोनचा मोडलेला पाय कुणालाच बसवता आला नाही. आणि ज्याला आम्ही ‘उद्या’ म्हणतो, कारण प्रत्येक काम तो उद्यावर टाकतो, तो नसताना एकही बॅटरी भरलेली नव्हती.

म्हणजे अडतं चौघांवाचून आणि जागा तीन. उद्याला वगळून बॅटऱ्या मीच बघू का? की टाचणीला वगळू आणि जन्मभर तिची बोलणी खाऊ? तूच एक नाव सांग.

राग नसावा, लोभ असावा.
भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नाव मी सांगणार नाही. सहाजणांना बाहेर बसवलंस, हे वाचलं. टीम सातजणांची आहे ना? तू कधी बसलीस?

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.
तुझी आत्या

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला. दोन दिवसांनी बाहेर बसले.

सायकल स्टँडच्या कट्ट्यावरून सगळं ऐकू येत होतं. काहीतरी मोडल्याचा आवाज आला तशी ताडकन उठले आणि जीभ चावून परत बसले. आत थोडं भांडण झालं, मग हसणं, मग पुन्हा पंख्यांचा आवाज. बराच वेळ गेला तरी मला कुणी बोलवेना, तेव्हा मीच आत गेले. डबी खुणेवर ठेवलेली होती. उद्याने दुसरी बॅटरीही तयार ठेवली होती, आणि तीही कुणी न ओरडता. मी चाचणीसाठी बाहेर बसलेय हे ते विसरूनच गेले होते. गरुडाने विचारलं, की मी चहा प्यायला गेले होते का.

आत्या, मला फार लागलं. आज सकाळी सरांना चार नावं दिली. माझं त्यात नाही.

अजून थोडी रागावलेलीच,
भिंगरी

२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज स्पर्धा झाली. सांगाडा बनवणाऱ्या दोघांबरोबर मी वर्कशॉप झाडत बसले होते, फोन समोर टेबलावर. दिवसभर तो वाजला नाही. काहीतरी अडेल, मला विचारतील, या आशेने मी जेवायलाही गेले नाही.

संध्याकाळी टाचणीचा फोन आला. दुसऱ्या फेरीत ड्रोनचा पाय मोडला, बॅटरी दगा देऊ लागली, गरुड आणि प्रोफेसर मैदानातच भांडले, आणि तरीही तिसरा नंबर आला. एवढं झालं तर मला फोन का केला नाही, म्हणून मी तिच्यावर खेकसले. ती जराशी गोंधळली आणि म्हणाली, की तसं त्यांना सुचलंच नाही.

त्याच क्षणी कळलं, की मी केलेली टीम खरंच तयार झाली. फोन ठेवला आणि भोकाड पसरलं. झाडू तसाच हातात धरून दोघांनी भीत भीत विचारलं, की आपण हरलो का. मी मानेनेच नाही म्हटलं आणि आणखी रडले.

तुझ्यावरचा राग गेला. लोभ होताच, आता जरा वाढलाय.
तुझी भिंगरी