बंगल्याच्या पायरीवरची आई

अलिबाग, ता. ९ डिसेंबर १९३४

तीर्थरूप बाबांस दादूचा नमस्कार.

आज सकाळी समुद्राकाठच्या दोन बंगल्यांचे फोटो काढले. दलाल शांतिदासशेठ ते मुंबईच्या गिऱ्हाइकांना दाखवतात. ऊन चांगले होते. माझी तब्येत ठीक आहे, दोन्ही वेळा जेवतो.

आई गेल्यापासून तिचा आजारातलाच चेहरा डोळ्यांपुढे येतो, असे तुम्ही म्हणता. फोटोग्राफरच्या घरात आईचा एक फोटो नसावा, हे मलाही लागत होते.

दुपारी शेठजींनी जुन्या फोटोंच्या टाकाऊ काचा दिल्या, वरचे चित्र धुऊन फ्रेमना वापर म्हणाले. गरम पाण्यात सोडण्याआधी एक काच सहज उजेडाकडे धरली, तर बंगल्याच्या पायरीवर आई. गेल्या माघात मला भेटायला आली होती, तेव्हाची. मी तिला बाजूला हो म्हणालो, तर म्हणाली, "पाय दुखतात रे. तू काढ तुझा बंगला, मी काय त्याला खाते?" शेठजींनी तो फोटो नाकारला होता. "दादू, मला बंगला विकायचाय, तुझी आई नाही." मग मी दुसरा काढून दिला आणि त्यांच्याकडे राहिलेली ही काच विसरलो.

पदर सावरणारा हात हलल्यामुळे पुसट आला आहे. चेहरा मात्र स्वच्छ आहे, आणि हसरा. संक्रांतीला येताना मोठा करून आणतो.

धाकट्या राहीचा खोकला थांबला का? तुम्ही दूध घेता ना?

आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली आहे. चूल पेटवून भात टाकतो.

तुमचा
दादू