श्रावणाआधी परत द्यायची पोथी

॥ श्री ॥
पेडणे, ७ जुलै २०२५

चि. सिद्धीस शांतारामकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला होता असं काकी सांगते. तू काय बोललीस ते तिला कळलं नाही आणि तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. कानाचं यंत्र मी कपाटात टाकून दिलंय, ते घातलं की वाड्यावरचे सगळे कुत्रे माझ्या डोक्यात येऊन भुंकतात. तेव्हा काय असेल ते लिहून पाठव. दिवसभर पुस्तकांच्या राशीत बसतेस, चार ओळी लिहायला काय धाड भरलीय?

मुख्य काम पोथीचं. श्रावण पंचवीस तारखेला लागतो, वाचन सुरू व्हायचं. देवळाची झाडलोट सुरू झाली आणि जो तो मला विचारतो, पोथी आली काय? मी म्हणतो, येईल, पुतणी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला आहे, काही भंगारवाल्याकडे नाही. पण बाय, आता पुरे झाले तुमचे फोटो. माझ्या पणजोबांनी हातानं लिहिलेली देवाची कथा, दुसरी प्रत जगात नाही. देवळाचा कारभार बघणारे महाजन तर द्यायलाच तयार नव्हते. तू दारापुढच्या बाल्कांवात बसून मला पटवलंस की वाळवीच्या तोंडी जाण्यापेक्षा एकदा स्कॅन झालेली बरी, म्हणून मी हट्ट धरला. शेवटी चैत्रात देवाला कौल लावला, मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडली, देवाचा होकार आला, तेव्हा कुठे सगळे गप्प झाले. मी ती पोथी मांडीवर घेऊन म्हापशाला बस बदलून डिचोलीपर्यंत आलो. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं नाही एवढंच.

तर या आठवड्यात घेऊन ये. काकी म्हणते, चेडू सुकलं असतलां, पोरीला चार घास खायला घालायचेत, येताना दोन दिवस राहायची तयारी करून ये.

तुझ्यावर जीव असलेला,
काका

---

॥ श्री ॥
डिचोली, ११ जुलै २०२५

ती. काकांस सिद्धीचा सा. न. वि. वि.

काका, आधी खाली बसा. पोथी सापडत नाही.

फोनवर हेच सांगत होते. ओरडून सांगायची गोष्ट नव्हती, पण ओरडले, आणि काकीला कळलं नाही याचं मला बरंच वाटलं. आमच्या स्कॅनिंगच्या खोलीत वरच्या एसीचा पाइप फुटला. तपासणी समिती यायची म्हणून मला त्या दिवसांत खाली ऑफिसात कागद जुळवायला बसवलं होतं. वर काय चाललंय ते कळलं तोवर माणसांनी खोली रिकामी केली होती. सुकं ते माळ्यावर, भिजलं ते व्हरांड्यात. पोथी टेबलावर होती. आता ती माळ्यावरही नाही आणि व्हरांड्यातही नाही.

मी प्रत्येक कपाट उघडून बघितलंय. नकाशांच्या मागे हात घातलेत, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडून पुन्हा बांधलेत. ज्यांना ज्यांना विचारलं ते म्हणतात, दुसऱ्या कुणी उचललं असेल. ग्रंथपाल म्हणतात, तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू. हे सगळं त्या खाणीच्या जुन्या कँपात उभारलेलं नवं कोरं विद्यापीठ, पण एक पोथी सांभाळायला त्याला जमलं नाही. विद्यापीठाला तरी कशाला बोलू? आणली मी होती.

अजून दिवस आहेत. मी शोधते. तोवर महाजनांना काही सांगू नका, तुमच्या पाया पडते. काकीलाही नको.

मनात राग आला तरी मला टाकू नका.
तुमची,
सिद्धी

---

॥ श्री ॥
पेडणे, १५ जुलै २०२५

चि. सिद्धीस आशीर्वाद.

काकीला नको सांगू म्हणतेस. तुझं पत्र वाचून मी सोप्यावर बसलो तो बसलोच, तेव्हा तिनंच माझ्या हातातून ते काढून घेतलं. सकाळी पोदेरानं टाकलेले उंडे पाव तसेच पडलेत.

तू शहाणी आहेस म्हणून आजवर तुला रागावलो नाही. तुझे आईबाप गेल्यावर तुला या घरात आणली तेव्हाही नाही. आज मात्र फार बोलावंसं वाटतंय आणि लिहवत नाही. सिद्धी, पोथी म्हणजे नुसता कागद नव्हे. आमच्याकडे कथा पाठ म्हणायची रीत नाही. पाटावर पोथी ठेवायची, तिला हळदकुंकू वाहायचं, मग वाचायचं. देव पोथीत बसतो, मी नुसती जीभ. तो रिकामा पाट घेऊन मी देवासमोर कसा बसू? आणि लोकांना काय सांगू? सर्वेश, जो यंदा महाजनांचा सेक्रेटरी झालाय, त्यानं काल बाजारात सगळ्यांसमोर विचारलं की जुन्या पोथ्यांना बाहेरचे लोक बरेच पैसे देतात म्हणे, खरं काय? हसत विचारलं. मीही हसलो.

भिजलेली असू दे, अर्धी असू दे, मिळेल तशी आण. सुटी मिळत नसेल तर नोकरी सोड. हे मी रागानं लिहीत नाही, मला दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहितो.

वाट बघणारा,
काका

---

॥ श्री ॥
डिचोली, २० जुलै २०२५

ती. काकांस सिद्धीचा सा. न. वि. वि.

पोथीचं कळलं. कसं लिहू ते कळत नाही, म्हणून घडलं तसंच लिहिते.

आमच्याकडे धाकू म्हणून मयेचे एक शिपाई आहेत. सगळ्यांच्या आधी येऊन सरस्वतीच्या फोटोला फूल घालणारे. मी आजवर त्यांना विचारलंच नव्हतं, कारण पाइप फुटला त्यानंतर ते मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले ते काल आले. त्यांना विचारलं, तर म्हणाले, ती पोथी काय? ती मी सोडली गो. चांगली सोडली.

काका, व्हरांड्यातल्या भिजलेल्या ढिगावर त्यांना ती दिसली. वरखालच्या लाकडी फळ्या फुगलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली, वर अजून कुंकू. तो ढीग दुपारी भंगारवाला न्यायचा होता. त्यांनी क्लार्कला विचारलं, ही कुणाची? क्लार्कनं वर न बघता सांगितलं की तिथलं सगळं टाकायचंय. देवाची पोथी भंगारात जाणार म्हणून त्यांच्या जिवाचं पाणी झालं. त्यांनी ती घरी नेली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, अबोलीची फुलं आणि तांदूळ वाहून, नदीच्या वाहत्या पाण्यात विसर्जन केलं. हे सगळं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. मग माझं तोंड बघून ते हळूहळू खाली बसले.

आज आम्ही दोघं नदीच्या काठानं जेवढं चालता येईल तेवढं चालत गेलो. किती दिवस झाले त्याला, काका, काय मिळणार होतं? एका झुडपात पोथीच्या बासनासारखं लाल कापड अडकलेलं दिसलं म्हणून मी चिखलात उतरले. ते कुणाच्या तरी साडीचं फाटकं होतं.

स्कॅन झालेली पानं पोथीच्या सुरुवातीची तेवढीच आहेत. पुढचं काहीच नाही.

मला शिव्या घाला, पण लिहा.
तुमची अभागी,
सिद्धी

---

॥ श्री ॥
पेडणे, २ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धीस आशीर्वाद.

उशीर झाला. इथलं आटोपल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

अमावास्येला मी महाजनांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. नदीत गेली म्हटल्यावर दोघेतिघे हसले. हसणाऱ्यांचं मला एवढं नाही लागलं. जे खाली मान घालून बसले त्यांचं लागलं. मग ठरलं की वाचनाचा मान आमच्याकडे ठेवायचा की काढायचा, ते देवालाच विचारू. पाकळ्या लावल्या. भटजींनी गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळे बघत उभे. पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. बायकांनी दिवे बदलले, पोरं पेंगून झोपली, मी हात जोडून जोडून थकलो, पण देवानं आपल्यासाठी बोटसुद्धा हलवलं नाही. चिडला असता तरी मी समजलो असतो. शेवटी लोक कंटाळले आणि माणसांनीच निकाल दिला.

यंदा म्हापशाहून आणलेली छापील पोथी सर्वेशचा बाप वाचतो. वेगळीच कथा आहे, आमच्या देवाची नव्हे. पहिल्या दिवशी मी गेलो, नाही गेलो तर रुसला म्हणतील. आजवर कधी बसलो नव्हतो तिथे, खांबाजवळ ऐकणाऱ्यांत बसलो. आणि तेव्हा कळलं की मला एक अक्षर ऐकू येत नाही. वाचणाऱ्याला कान लागत नाहीत ना, त्यामुळे इतकी वर्षं देवळात मी बहिरा नव्हतोच. लोक हात जोडतील तेव्हा मी जोडत होतो, हसतील तेव्हा हसत होतो. शेजारी बसलेल्यानं मला कोपरानं ढोसून सांगितलं की संपलं, ऊठ.

यंत्र घातलं असतं तर ऐकू आलं असतं असं काकी म्हणते. मला ऐकायचं नाही.

तब्येतीला जप. घरची दारं तुला बंद नाहीत, बंद होतील असं मनात आणू नकोस.
काका

---

॥ श्री ॥
डिचोली, ७ ऑगस्ट २०२५

ती. काकांस सिद्धीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र टेबलावर ठेवलं की मला कामाचं काही दिसत नाही. सोबत स्कॅन झालेली पानं छापून पाठवते आहे. तुमच्या पणजोबांचं अक्षर स्पष्ट आलंय.

काका, रागावू नका, एक सुचतंय. तुम्ही जन्मभर ती कथा वाचलीत. पुढचं तुम्हाला येत असणारच. बसून लिहून काढा ना. सुचेल तसं, मोडकंतोडकं का होईना. गणेशचवथीच्या सुटीत मी येते, तुम्ही सांगा, मी उतरवून घेते. तुमच्या हातची नवी पोथी झाली तर महाजनांनाही नाही म्हणता येणार नाही. मी आता या एकाच आशेवर तग धरून आहे.

इथे चौकशी लागली आहे. पोथी कुणी नेली ते नावानिशी लिहून द्या म्हणतात. मी अजून कोरा कागद पुढ्यात घेऊन बसते. आपलं नाव लिहिलं जाणार हे धाकूंना माहीत आहे. त्यांना फक्त तुम्हाला भेटायचंय. नको म्हटलं तरी येतील. आले तर हाकलून देऊ नका.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सिद्धी

---

॥ श्री ॥
पेडणे, १६ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धीस आशीर्वाद.

धाकू आला होता. पहिल्या बसनं, नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन. बसायला कदेल पुढे केली तर तिच्यावर बसेना, पायरीवरच बसला. तो बोलायचा आणि काकी माझ्या कानाशी ओरडून सांगायची. मी विचारलं, लगेच बुडाली काय? तो म्हणाला, नाही, आधी पानं सुटी झाली, एकामागून एक सरळ गेली, दिसायची बंद होईपर्यंत मी उभा होतो. ज्याची कुणाची असेल त्याच्या वतीनंही हात जोडले म्हणाला.

सिद्धी, त्या ढिगावर मला तशी पोथी मिळाली असती तर मीसुद्धा हेच केलं असतं. फूल, तांदूळ, वाहतं पाणी, सगळं हेच. आणि घरी येऊन निवांत जेवलो असतो. त्यामुळे त्याच्यावर रागावू कसा? पण जाताना तो पाया पडला, आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला माझा हात उचलला गेला नाही. मी प्रयत्न केला. तो वाट बघत वाकून राहिला, मग आपणच उठून गेला. चौकशीत खरं असेल ते लिही. क्लार्क काय बोलला तेही लिही. पोथी भंगारात जाऊ दिली नाही, हेही त्यात आलं पाहिजे.

तू लिहून काढायला सांगितलंस. मला ते आधीच सुचलं होतं, मी काय फक्त तुझ्यासाठी थांबलो होतो? तुझी पानं आली तशी सोप्यावर पाट मांडला. जिथवर छापलंय तिथवर सरळ वाचत गेलो, आवाजही लागला. शेवटच्या ओवीवर आलो आणि सवयीनं उजवा हात पान उलटायला गेला. उलटायला पान नव्हतं. आणि पुढची ओवी आली नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुन्हा तिथेच. कोरा कागद ठेवून उलटून बघितला. वेड्यासारखं वाटेल तुला, पण काकीनं बघितलंय. पान उलटलं की पुढचं यायचं, मला वाटायचं मला पाठ आहे. मला काही पाठ नव्हतं बाय.

तू लहान असताना दर श्रावणात माझ्या मांडीला टेकून बसायचीस. सगळी कथा तुझ्या कानांवरून गेली आहे. तरुण डोकं आहे, काहीतरी राहिलं असेल. त्या शेवटच्या पानापुढची एक ओवी, नाहीतर तिचा नुसता पहिला शब्द आठवून बघ. तेवढं मिळालं तर पुढचं माझं मी ओढून काढीन. चवथीची वाट बघू नकोस, आठवलं की लगेच लिही.

तुझाच आधार असलेला,
काका

---

॥ श्री ॥
डिचोली, २० ऑगस्ट २०२५

ती. काकांस सिद्धीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून दुसरं काही केलं नाही. ती छापलेली पानं मोठ्यानं वाचली, तुमच्या चालीत वाचली, डोळे मिटून बसले.

तुमचा आवाज येतो, काका. कुठे थांबायचात, कुठे खाकरायचात, ते सगळं येतं. समईचा वास येतो. वाचन संपलं की पंचखाद्य मिळायचं म्हणून मी पोथीची किती पानं उरली तेवढंच बघत असायचे.

शब्द एकही नाही. पहिलासुद्धा नाही.

तरी मी येते. चवथीच्या आधीच येते, रजा टाकली आहे. काकीला सांगा.

तुमची,
सिद्धी