बाल्कनी फक्त बायकांसाठी

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता भिंतीवरच्या फोटोत तुम्ही माझ्यापेक्षा लहान दिसता. आज आखाजी आहे, हल्ली सगळे तिला अक्षय्य तृतीयाच म्हणतात. जळगावात, माझ्या घरी, पुरणपोळ्या विकतच्या आल्या आणि रस डब्यातला होता. तुम्ही असतात तर ताटावरून उठला असतात. मी मात्र मुकाट्याने जेवले, भांडी घासली आणि तुमच्याशी भांडायला बसले. तुमच्या तोंडावर जे बोलता आलं नाही ते निदान कागदावर तरी बोलावं म्हणून. विषय तोच, तुमचा थेटरांचा दौरा. त्यावर आपण नंतर एक अक्षर बोललो नाही. आधी तुम्ही टाळलंत, आणि मग बोलायला तुम्ही राहिलाच नाहीत.

तुम्ही भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर. शेजारच्या क्वार्टरमधले अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल देश सोडून गेले तेव्हा त्यांनी आपली गिटार तुमच्या हातात दिली. त्यांना वाटलं असेल, हा माणूस रेल्वे इन्स्टिट्यूटमधली आपली नाचाची गाणी पुढे वाजवत राहील. तुम्ही ती गाणी महिनाभरात सोडलीत आणि गिटारवर आखाजीची गाणी बसवायला लागलात. ते दिवस मला अजून लख्ख दिसतात. आई चुलीवर खापर पालथं घालून मांडे टाकतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गिटार मांडीवर घेऊन बसलाय आणि एकच ओळ तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावताय. सासरी वाट बघणारी बहीण, तिला आखाजीला न्यायला निघालेला मुऱ्हाळी भाऊ, मध्ये आडवी आलेली नदी. आईचे हात पिठात, डोळ्यांत धूर, आणि तुम्हाला पाहिजे होती चाल. शेवटी ती वैतागून म्हणते, "झोकाना गाना झोकावर म्हनतस, चुल्हाजोडे नही." झोक्याचं गाणं झोक्यावर म्हणायचं, चुलीजवळ नाही. तुम्ही हसता आणि पुढची ओळ मागता. तीही देते. तुम्हाला नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही, मलाही नाही.

आणि गाणी काय सुंदर झाली होती, नाना! हे मी लेक म्हणून नाही बोलत. अहिराणी बोल, खाली ढोलकी, तिच्या जोडीला बँडवाल्याचा ड्रमसेट, माझा बेंजो आणि या सगळ्यावरून जाणारी तुमची ती करवतीसारखी गिटार. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या आदल्या दिवशी, जयंतीला, सगळीकडे आपल्याला बोलावणं असायचं. कॅसेट निघाली तेव्हा ती आठवड्याच्या बाजारात भोंग्यावर वाजायची आणि तुम्ही मुद्दाम त्या दुकानासमोर भाजी निवडत उभे राहायचात. पण तुमचं समाधान नव्हतं. "मांडवात आपलं गाणं म्हणजे पंगतीतलं लोणचं," तुम्ही म्हणायचात, "असलं तर बरं, नसलं तरी जेवण होतं." तुम्हाला खुर्च्या हव्या होत्या. मखमली पडदा हवा होता. माणसाने तिकीट काढून, दुसरं काही न करता, आपल्याच बोलीतलं गाणं गुमान ऐकायला हवं होतं. तसं एकदा झालं की आपली बोली गावंढळ नाही हे सिद्ध झालं, असं तुमचं गणित. मी त्या गणितावर लहानपणापासून विश्वास ठेवला.

आई गेली, तुम्ही रिटायर झालात आणि तुमच्या डोक्यात दौऱ्याने घर केलं. धुळे, दोंडाईचा, जळगाव आणि शेवटी आपलं भुसावळ. सिनेमाची टॉकीज दुपारी तीनपर्यंत रिकामीच असते, तेव्हा बाराचा खेळ आपला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तुम्ही मुहूर्त कोणता काढलात, तर आखाजीचा. ढोलकीवाल्या काकांनी, तुमच्या शेडमधल्या जन्माच्या मित्राने, कपाळावर हात मारलेला मी पाहिलाय. ते म्हणाले, "आखाजीले मानसे पत्ता कुटतस, बाया झोका खेयतस. थेटरमा कोन येई, भाऊ?" पुरुष पत्त्यांत, बायका झोक्यावर, मग थेटरात कोण? तुमचं उत्तर तयार होतं. "बठ्ठ्या लेकी आखाजीले माहेरले येतस ना? गाना त्यासनाच शेतस. त्या येतीन, देखजो." सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, गाणी त्यांचीच, म्हणून त्या येतील. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने पाटी रंगवलीत, 'बाल्कनी फक्त बायकांसाठी'. म्हणजे वर बसून त्यांना मोकळेपणी हसता यावं, रडता यावं. मीही धुळ्याहून, तेव्हा आम्ही तिथे राहायचो, सासरची परवानगी घेऊन आले. आखाजीला लेक माहेरी जाणारच, त्याला सासूबाई नाही कशा म्हणणार? फक्त शेजारणीने विचारलं, "माहेरले चालनी का आर्केष्ट्रामा?" मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

धुळ्याला अर्धं थेटर भरलं, पण ते आखाजीच्या आठवडाभर आधी. दोन गाणी लोकांनी नीट ऐकली आणि मग मागून हिंदी सिनेमाच्या फर्माइशी सुरू झाल्या. तुम्ही एकही मान्य केली नाहीत. निम्मे प्रेक्षक उठून गेले. परतताना तुम्ही काकांना समजावत होतात की हे शहर आहे, इथे चालायचंच, खरी माणसं पुढे आहेत. दोंडाईच्याला खरी माणसं होती, पण थेटराच्या मागेच मिरचीची वखार होती. ठसक्याने पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे खोकत होते, आणि तुम्ही त्या खोकल्यावर मात करायला आवाज चढवत गेलात. मी बेंजोवरून तुमच्याकडे बघत होते, डोळ्यांनी विनवत होते की आता पुरे. तुम्ही शेवटचं गाणंही संपवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागितलात तर आवाजच फुटेना. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, काही उपयोग झाला नाही. जळगावचा खेळ पुढे ढकलू या, असं काकांनी सुचवलं. तुम्ही खिशातली पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलंत, 'लेकी आल्या आहेत.'

आता जळगाव. नाना, ती दुपार मी किती वेळा आठवली असेल याला हिशेब नाही, आणि दरवेळी ती तितकीच उघडी-बोडकी दिसते. आखाजीचा दिवस, डोक्यावर वैशाखातलं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. टॉकीजचा मॅनेजर कुलूप काढतानाच हसला. "काय भाऊ, आखाजीला कोण येतं थेटरात? आमचा डोअरकीपरसुद्धा पत्ते खेळायला बसलाय. थांबा, तिकिटं मीच फाडतो." त्याला फार काही फाडावं लागलं नाही. उन्हातून आलेले दोन हवालदार सावलीला म्हणून आत आले आणि बसल्या बसल्या झोपले. एक फेरीवाला आला, त्याने विचारलं, पिक्चर कोणता आहे. तुम्ही पांढरा झब्बा घालून पडद्यामागे उभे. पडदा उघडला तेव्हा तुम्ही आधी बघितलंत ते वर, बाल्कनीकडे. एकही बाई नव्हती. मॅनेजरने तिथला दिवाही लावला नव्हता.

तरी तुम्ही सुरू केलंत. घशातून नुसती खरखर येत होती. त्या अंधाऱ्या बाल्कनीकडे तोंड करून तुम्ही मुऱ्हाळ्याचं गाणं म्हणत होतात, आणि ओळी मध्येच तुटत होत्या. मला भोकाड पसरून रडावंसं वाटत होतं. रिकाम्या खेळासाठी मॅनेजरने पंखे लावले नव्हते, जीव गुदमरायला लागला, म्हणून काकांनी ढोलकी खाली ठेवून बाजूचा दरवाजा ढकलला. तो मागच्या गल्लीत उघडत होता. ऊन आत आलं, आणि उन्हाबरोबर गाणं आलं. जेवणं उरकून गल्लीतल्या लेकी निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसल्या होत्या आणि तेच गाणं म्हणत होत्या. तेच, मुऱ्हाळ्याचं! चाल आपल्यापेक्षा जरा जलद, झोक्याच्या लयीत बसलेली, मध्येच कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढल्यावर फुटलेलं हसू. मी दारातून पाहिलं. हिरव्या, पिवळ्या, नव्या कोऱ्या साड्या, बांगड्यांनी भरलेले हात, आणि दोघी उभ्याने झोका चढवतायत. सगळी बाल्कनी तिथे होती, नाना. तुमच्यापासून वीस पावलांवर.

तुम्ही थांबलात. मला वाटलं आता तुम्ही संतापाल, दरवाजा लावायला सांगाल. तुम्ही मान तिरकी करून ऐकत राहिलात, मग गिटारच्या खुंट्या पिळल्यात, त्यांचा सूर धरलात आणि त्यांच्या मागून वाजवायला लागलात. त्या म्हणत होत्या आणि तुम्ही आतून साथ करत होतात. ॲम्प्लिफायर तुम्ही बंद केला होता, त्यामुळे त्यांना पत्ताही नव्हता. इतकं हळुवार तुम्ही आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. काकांनी ढोलकीला हात लावला नाही, मीही बेंजोवरचा हात काढून घेतला. मग घरातून कुणीतरी हाक मारली. गाणं कडव्याच्या मध्यावरच सोडून त्या खिदळत आत पळाल्या, रिकामा झोका थोडा वेळ हलत राहिला, आणि तुम्ही ते उरलेलं कडवं वाजवायला घेतलंत. दोन ओळींनंतर तुम्हालाही पुढे जाता येईना. तुम्ही मॅनेजरला हाताने खूण केलीत, पडदा पाडा.

भुसावळला जाणाऱ्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. रस्त्यावरच्या प्रत्येक गावात झाडाला झोके होते. त्या फाटक्या आवाजात तुम्ही म्हणालात, "बठ्ठ्यासले येतंच व्हतं वं, माय." सगळ्यांना येतच होतं. लोकांनी तुमचं गाणं नाकारलं असतं तर तुम्ही पुन्हा उभे राहिला असतात, तेवढा हट्टीपणा तुमच्यात होता. पण त्यांनी नाकारलं नव्हतंच. त्यांच्याजवळ ते आधीपासून होतं, फुकट, ताजं, तुमच्या गिटारशिवाय, खुर्च्यांशिवाय. ज्यांच्यासाठी तुम्ही आयुष्यभर ते सजवलंत त्यांना तुमची गरजच नव्हती. या दुखण्यावर औषध नाही. भुसावळचा खेळ तुम्ही रद्द केलात, गिटार कपाटावर ठेवलीत, आणि पुढची आखाजी यायच्या आत गेलात. डॉक्टरांनी छातीचं काहीतरी नाव सांगितलं. मी मान डोलावली.

मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली की नानांचं गाणं गेलं तरी झोक्यावरचं गाणं तर आहे. आज तेही बोलून टाकते. ते राहिलं नाही. आमच्या गल्लीतला निंब रस्ता रुंद करताना गेला. मागच्या वर्षी मी इमारतीतल्या लेकी-सुनांना हौसेने गच्चीवर बोलावलं, म्हटलं, चला, आखाजीचं एक तरी गाणं म्हणू. एकीला पहिली ओळ येत होती, दुसरीने ती चुकीची आहे म्हणून सांगितलं, तिसरीने मोबाइलवर काहीतरी लावलं आणि सगळ्या त्यावर नाचल्या. तुमची कॅसेट मी जपून ठेवली होती, पण तिच्या फितीला बुरशी आलीय; लावली की घोगरा आवाज येतो, दोंडाईच्यानंतरच्या तुमच्या आवाजासारखा. माझ्या स्वतःच्या मुलीला एकही कडवं येत नाही. बेंजो घेऊन ती कधी बसली नाही आणि मी बसवलं नाही. आता 'येतच होतं' म्हणायला कुणी उरलं नाही, नाना. तेव्हा ज्यांना तुमची गरज नव्हती, त्यांच्याकडचंही आटलं, आणि तुमच्याकडचं तर तुम्ही घेऊन गेलात. हे आता कुठूनच परत येणार नाही. तुमची आशा मला वारशात मिळाली असती तर बरं झालं असतं, पण मिळाली नाही.

तुमच्याशी भांडायला बसले होते, पण भांडण कुणाशी करू? काका नेहमी म्हणायचे की एक जरी बाई त्या बाल्कनीत येऊन बसली असती तरी भाऊ जगला असता. मी त्यांना दरवेळी हो म्हणायचे. खरं सांगायचं तर त्या दिवशी दरवाजा उघडला तेव्हा माझं लक्ष तुमच्याकडे नव्हतं. मी बेंजो मांडीवर घेऊन बसले होते आणि माझे पाय खाली हलत होते, त्यांच्या झोक्याबरोबर. मी तुमची लेक नसते ना, नाना, तर त्या दुपारी मीही थेटरात आले नसते. हे तुम्हाला कळू नये, म्हणून हा कागद तुमच्या फोटोसमोर न ठेवता मी इथेच घडी करून ठेवते.