येसराचं पाकीट

२ डिसेंबर, मंगळवार. शहागड

नियम सापडला! कंपनीने पाठवलेल्या कागदांत तेराव्या पानावर, बारीक अक्षरांत. जहाज बंदराला लागलं की खाण्याची वस्तू घेऊन खाली उतरायचं नाही. फळ नाही, भाजी नाही, शिजवलेलं काहीच नाही. सीलबंद, वर नाव छापलेलं कोरडं पाकीट असेल तर चालू शकतं. तेही तपासणाऱ्याने हो म्हटलं तर. अवघड शब्द डिक्शनरीत पाहिले. तीनदा वाचलं.

बियाण्याचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीने काकांच्या कृषी सेवा केंद्राला ही दोन माणसांची सहल दिली. काका म्हणाले, "मला पाण्यावर झोप यायची न्हाई. आदी, तू जा मावशीसंग. तुला वाचता येतंय बराबर." दहावी नापास माणसाला एवढा मान!

संध्याकाळी मावशीने चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं, "खाली उतरताना काही खायाचं नेऊ देत्यात का रं?"

कशासाठी ते मी विचारलं नाही. त्याच कागदांत आहे, तिसऱ्या दिवशी जहाज मलेशियातल्या पेनांगला थांबतं. तिथे दैवशालाताई, मावशी-काकांची लेक, राहते. सहा वर्षांपूर्वी तिने मुनीरशी लग्न केलं तेव्हा काका भर गल्लीत म्हणाले होते, "मला लेक न्हाई." तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. काकांना फक्त सिंगापूर माहीत आहे. पेनांगचं आम्ही बोललेलो नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

काका जालन्याला गेले आणि मावशीने येसर, लग्नातल्या आमटीचा मसाला, भाजायला घेतलं. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरे, खोबरं. सगळी गल्ली वासाने भरली! एरवी लग्नघरात पाच सवाष्णी मिळून येसर दळतात. ताईचं लग्न आपल्या दारात झालंच नाही, म्हणून तिचं येसर राहून गेलं.

मी म्हटलं, मिक्सर लावू का?

"मिक्सरचं येसर देऊ लेकीला? येडा हाइस का?"

मग एकटीच जात्यावर बसली. वासावर शेजारच्या गौहरभाभी आल्या. जातं पाहिलं, मावशीचं तोंड पाहिलं. "पाच लगते ना? चलो, एक मैं." आणि समोर बसून खुंट्याला हात घातला.

"बस. पण तोंड बंद ठेव," मावशी म्हणाली.

"मेरा मुँह? अल्ला, पूरे शहागड में मेरेच मुँह पे भरोसा नहीं!"

दोघी हसल्या. दोघींनीच दळलं.

८ डिसेंबर, सोमवार

माझा मित्र मिथुन जालन्याला बियाण्याच्या पॅकिंगमध्ये आहे. त्याच्याकडून बियाण्याचं एक रिकामं पाकीट आणलं. जाड, चकचकीत, कधी न वापरलेलं. आत येसर भरलं, दुकानातल्या मशीनने सील मारलं. पुढच्या बाजूला कापसाच्या बोंडाचं चित्र होतं, त्यावर पांढरं लेबल चिकटवलं. मजकूर इंग्रजीत टाइप करून आणला: येसर, कोरडा मसाला, वजन अर्धा किलो. एकेक अक्षर डिक्शनरीशी ताडून पाहिलं. चूक नाही.

मावशी म्हणाली, "अगदी दुकानातल्यासारखं दिसून राह्यलं की!"

११ डिसेंबर

पाकीट पिशवीतून काढून लेबल पुन्हा वाचलं. दोनदा.

१४ डिसेंबर, रविवार. सिंगापूर, जहाजावर

जहाज म्हणजे आडवी पडलेली इमारत! लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये गालिचा आहे आणि गालिच्यावर वार लिहिलेला आहे. म्हणजे रोज बदलतात? कोण बदलतं? रात्री पाळत ठेवावी असं वाटतं.

मावशीने खिडकीतून खाली पाहिलं. "गोदामाय केवढीशी गं बाई," एवढंच बोलली.

१५ डिसेंबर, सोमवार

जेवणाच्या हॉलमध्ये पपईचा ढीग, कलिंगडाचा ढीग. कितीही खा. पण एक फोड खिशात घालून बंदरावर न्यायची नाही! हे मला पटत नव्हतं. ताटं उचलणाऱ्या हिंदी बोलणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "फल में कीड़ा हो तो? एक कीड़ा उतरा, पूरा बाग गया."

मग लगेच समजलं. गुलाबी बोंडअळी! बोंड बाहेरून हिरवंगार, आत अळी. आपल्याकडे ती कुणाच्या पिशवीतून आली असेल? माणसाचा पासपोर्ट चार जण तपासतात, अळीला कोण विचारतो? म्हणजे नियम बरोबर आहे. मी बंदरवाला असतो तर मीही अडवलं असतं.

येसर भाजलेलं आहे. त्यात अळी जगणार नाही. तरी झोप नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. पेनांग

आजचं सगळं लिहून ठेवतो.

उतरायच्या दारापाशी टेबल होतं. तिथे जहाजाचा गार्ड, नेपाळी असावा. त्याने पाकीट घेतलं, पुढचं लेबल वाचलं, मान डोलावली. मग उलटं केलं.

"भाईसाब, पीछे क्या लिखा है? पढ़ो."

मागे लाल खूण, कवटी आणि खाली तीन भाषांत: विष. बियाण्यास औषध लावलेले आहे. खाण्यासाठी वापरू नये.

दुकानात दिवसातून पन्नास वेळा बघतो तेच! बघून बघून दिसेनासं झालेलं. पुढची अक्षरं दहा दहा वेळा तपासली आणि मागची बाजू तशीच राहिली!

मी सांगितलं, पाकीट नवं आहे, बियाणं कधी भरलेलंच नाही. तो म्हणाला, "मैं मान लूँगा. नीचेवाला नहीं मानेगा. फिर शाम तक बैठे रहोगे दोनों."

चारला जहाज सुटणार. ताईला मी फोनवर वेळ कळवली होती, ती नऊपासून फाटकाशी उभी.

"काय म्हणून राह्यला त्यो?" मावशीने विचारलं.

"विष आहे म्हणतो."

मावशीने पाकीट ओढून घेतलं, दाताने कोपरा फाडला, तळहातावर येसर ओतलं आणि तोंडात टाकलं. "घे! मेले का मी? आँ?"

रांगेत मागे घनसावंगीचे राधेश्यामशेठ होते, आमच्यासारखेच सहलीवर आलेले. ते ओरडले, "वहिनी, आम्हालाबी द्या थोडं विष! तीन दिस झाले फिक्कं खाऊन!" सगळे हसले. गार्डही हसला. पण पाकीट सोडलं नाही. उलट आता तर ते फुटलेलं.

मावशी पाकिटाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला मारेल. तिने ते टेबलावर ठेवलं. "ऱ्हाऊ दे. लेकरू उभं हाय भायेर."

फाटकाबाहेर ताई आणि मुनीरभाई, उन्हात. ताईने मावशीचे हात तोंडाशी नेले आणि तशीच थांबली.

"आई... येसर?"

बोटांच्या रेघांत पूड राहिली होती.

"माझ्या हातून सांडलं समदं," मावशी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

घर चौदाव्या मजल्यावर. ताईने वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. मुनीरभाई वाढत होते. "अम्मी, एक और."

"आई म्हण की. आपल्या वडीगोद्रीचा ना तू? मराठी इसरलास का?"

"न्हाई इसरलो, आई. घ्या अजून एक."

मावशी दोन भाकरी जेवली. मी तीन.

निघताना ताईने भाजी-भाकरी फडक्यात बांधली आणि पुढे केली. "बाबांसाठी."

मावशीने हात मागे घेतला. "जहाजावर नेऊ देत न्हाईत गं. लई कडक नियम हाय. विचार आदीला."

मी हो म्हणून मान हलवली. तो नियम मावशीला सकाळी नको होता, आता हवा होता.

१७ डिसेंबर

समुद्र शांत. मावशी दिवसभर खिडकीशी. गालिचा बदलताना पाहिला. दोन माणसं लागतात.

२० डिसेंबर, शनिवार. शहागड

सकाळी दुकान उघडलं. घरी आम्ही फक्त सिंगापूरचं सांगितलं आहे. गल्ल्यावर कंपनीचे कागद होते, पेनांगचं पान उघडं. काका पाठमोरे औषधांच्या बाटल्या लावत होते. तसेच, मागे न वळता म्हणाले, "आदी, दैवशालेच्या भाजीत अजून मीठ जास्तच अस्तं का रं?"

मी म्हणालो, "हो काका. जास्त होतं."