कोंबड्यांचं औषध, वहिनीचं औषध

पुसद, मंगळवार, ऑक्टोबर २००६

डोकं अजून तापलेलंच आहे. शनिवारी सकाळी लॅबमध्ये वहिनीच्या शौचाच्या नमुन्यातले जंतू वाढवायला ठेवलेली बशी उघडली. जंतू दाट वाढलेले, आणि डॉक्टर आठवडाभर देत होते त्या गोळीचं औषध लावलेल्या कागदी चकतीभोवती जंतू नसलेलं मोकळं कडं नाही. म्हणजे त्या गोळीनं जंतू मरतच नाहीत. उजेडात धरून पुन्हा पाहिलं. कडं नाहीच.

मधुदादा, माझा चुलतभाऊ, बाहेर बसला होता. कापूस परवडेना म्हणून त्यानं कोंबड्या पाळल्या. वहिनी घरचीच कोंबडी खाऊन आजारी पडली. गोळीचं नाव सांगितलं तर म्हणाला, "हेच तं मी कोंबड्याईच्या पाण्यात टाकतो, रोज."

"आजारी नसल्या तरी?"

"हो. वजन भरते. मंग त्याईले लागू होते, हिले काहून नाही?"

समजावलं की रोज थोडं थोडं औषध मिळालं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि तेच जंतू वहिनीच्या पोटात गेले. त्यानं मान हलवली. मला वाटलं, कळलं. इतकी कशी भोळी मी?

डॉक्टरांनी गोळी बंद करून दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन सुरू केलं. त्याच बशीत त्याच्या चकतीभोवती कडं स्वच्छ आलं होतं. आज संध्याकाळी वहिनीनं स्वतःहून पेज मागितली. दादाचे डोळे भरून आले. मग त्यानं खिशातून कागद काढला.

"सुनंदा, त्या इंजेक्शनचं नाव लिहून दे. कोंबड्याईले चालते काय, इचारून पाहतो."

कागद कोराच परत दिला. पण नाव तर त्याच्याजवळच्या केसपेपरवर लिहिलेलंच आहे.