पहिल्या पाठातील शेवटच्या वीस सेकंदांबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : ‘जगाचे ताल’ या ऑनलाइन उपक्रमात ‘होय’ अशी खूण न करता चौथीच्या एकतीस मुलांचे निकालपत्रक मिळण्याबाबत.

संदर्भ : १) सदर उपक्रम सर्व प्राथमिक शाळांत सक्तीचा केल्याचे आपले परिपत्रक.
२) मदत कक्षाशी माझे अकरा वेळा झालेले दूरध्वनी संभाषण.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करते की, मी चौथीची वर्गशिक्षिका असून माझी सेवा बावीस वर्षे झाली आहे. रजेच्या अर्जाखेरीज आपल्या कार्यालयास मी आजवर कागद लिहिलेला नाही. भांडणाचा माझा पिंड नाही. तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. सदर उपक्रमात देशोदेशीची वाद्ये व ताल यांचे चोवीस पाठ आहेत. पडद्यावर पाठ लावायचा, मुलांनी पाहून वाजवायचे. वाद्ये आलेली नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही पालथ्या बादल्या, पत्र्याचे डबे व मागची दोन मोडकी बाके यांवर भागवतो. पहिल्या पाठात दूरदेशीचे एक हसतमुख गृहस्थ गुडघ्यांत उंच ढोल धरून बसतात. मधोमध तळवा मारला की घुमारा, कडेला बोटे मारली की टणत्कार, हे ते फार प्रेमाने शिकवतात. मुलांना ते पहिल्याच दिवशी आवडले.

२. हा पाठ बारा मिनिटांचा आहे. अकरा मिनिटे चाळीस सेकंद झाली की ते गृहस्थ शेवटच्या थापेसाठी उजवा हात वर नेतात आणि चित्र तिथेच थांबते. मधोमध एक चक्र फिरत राहते. सत्र सुरू झाल्यापासून आजपर्यंत तो हात खाली आलेला नाही. मुलांनी त्यांचे नाव ‘हातवर मामा’ ठेवले आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीने एकदा विचारले, “बाई, मामांचा हात दुखत नसेल का हो?”

३. चित्र थांबले की प्रश्न येतो : ‘पाठ पूर्ण पाहिला का?’ खाली एकच चौकोन आहे, ‘होय’. ‘नाही’ असा चौकोन नाही. ‘होय’ केल्यास दुसरा पाठ उघडतो. न केल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला पाठ पहिल्यापासून सुरू होतो. आज एकशे त्रेचाळिसावा दिवस आहे.

४. मदत कक्षातील ताईंना मी प्रत्येक वेळी हे सांगितले. त्या म्हणतात, “मॅडम, एकशे बारा शाळांनी ‘होय’ केलंय. म्हणजे पाठ नीटच चालतोय ना? दोष तुमच्याकडेच असणार.” मी शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “अहो, आमचाही मामा हात वर करूनच बसलाय. आम्ही टिचकी मारली नि पुढे गेलो.” हेही मी मदत कक्षाला कळवले. त्यावर लेखी तक्रार करा असे सांगण्यात आले. लेखी तक्रारीचे पान तिसरा पाठ पूर्ण झाल्याशिवाय उघडत नाही. म्हणून हा अर्ज हाताने लिहून समक्ष आणला आहे.

५. पन्नासाव्या दिवशी ‘या वर्गास अधिक सरावाची गरज आहे’ असा संदेश आला व पहिल्या पाठाचे रोज दोन जादा तास लावण्यात आले. त्यासाठी गणिताचा एक व भाषेचा एक तास गेला. नव्वदाव्या दिवशी माझ्या वर्गास ‘सर्वाधिक सराव करणारा वर्ग’ असे प्रशस्तिपत्रक आले. पाठोपाठ इतर शाळांतील शिक्षकांना पहिला पाठ शिकवण्यासाठी माझी तालवाद्य मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली. पहिल्या पाठाचा शेवट मी स्वतः पाहिलेला नाही, हे मी त्या सभेत सांगितले. लोकांना ती थट्टा वाटली. टाळ्याही वाजवल्या.

६. मुलांची बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. ती कंटाळली, चिडली, एकाने बादलीला लाथ मारली. पुढे त्यांनीच एक तोड काढली. मामांचा हात वर गेला की रोज एका मुलाने पुढचे वीस सेकंद आपल्या मनाने वाजवायची. कोणी पावलांसारखे वाजवते, कोणी भांडणासारखे. एका मुलीने वीस सेकंद काहीच वाजवले नाही, फक्त हात वर धरून उभी राहिली, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बसला. मला ते फार गोड वाटते. तरी त्याला ‘पाठ पूर्ण पाहिला’ असे म्हणता येत नाही.

७. आता मूळ अडचण. चोवीस पाठ पूर्ण न करणाऱ्या वर्गाचे निकालपत्रक निघणार नाही, असा संदेश मागील आठवड्यात आला आहे. मुदत या महिनाअखेरची आहे. निकालपत्रक नाही तर मोठ्या शाळेत पाचवीचा प्रवेश नाही. पालक रोज फाटकाशी उभे असतात. एक आजोबा हात जोडून म्हणाले, “बाई, तुमचं पुण्य तुमच्यापाशी, पण माझ्या नातीला का कोंडता?” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “एक टिचकी, बाई! त्यात कसलं आलंय पाप?” आमच्या घरी हे म्हणाले, “अगं, देव काय संगणक उघडून बघत बसलाय?” सगळे माझ्या भल्याचेच बोलतात. मी ऐकून घेते. माझा पहाटेचा जप व संध्याकाळचे तासभर मौन चालू आहे, पण हल्ली मौनात मला तो चौकोनच दिसतो. परवा माझे बोट त्यावर टेकले होते. हे मी लपवत नाही.

८. मी हट्टी आहे असा आपला समज होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद करते. खोटे न लिहिण्याचा माझा नेम सोळा वर्षांचा आहे. त्याआधी मी मान वर न करता हजेरी भरत असे. एके दिवशी मी अशीच सर्वांची हजेरी लावली. त्यातली आठ वर्षांची एक मुलगी त्या वेळी खेळाच्या सामानाच्या खोलीत अडकली होती. दाराची कडी बाहेरून लागली होती. हजेरीपटावर ती हजर होती, म्हणून तिला कोणी शोधले नाही. ती तीन तास पत्र्याचे दार बडवत होती. तो आवाज मी वर्गात ऐकला, आणि मुलांना म्हणाले, “कोण मेलं डबा बडवतंय, खिडकी लावा रे.” दुपारी शिपाईमामा झाडू घ्यायला गेले म्हणून ती सापडली. आज ती मोठी झाली आहे, सुखरूप आहे. पण दार लावलेल्या खोलीत बसत नाही, असे तिची आई सांगते.

९. तरी विनंती की, एकतीस मुलांची निकालपत्रके या उपक्रमापासून वेगळी करून मुदतीपूर्वी मिळावीत. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, तिला माझी हरकत नाही. तसेच त्या प्रश्नाखाली ‘नाही’ असा एक चौकोन द्यावा. ‘होय’ करावे असा लेखी आदेश मात्र कृपा करून मला देऊ नये. मुलांचे चेहरे पाहून मी तो पाळीन, अशी मला भीती वाटते.

१०. आपणास वेळ असल्यास एकदा माझ्या वर्गात यावे. आपल्या दप्तरी एकशे बारा शाळा पुढे गेल्या आहेत, म्हणून तिथे कोणी पाहायला जाणार नाही. माझ्या वर्गाचा चौकोन अजून रिकामा आहे. आम्ही आत आहोत एवढे कळण्यासाठी आमच्यापाशी तेवढीच जागा आहे. आमचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. कृपया खिडकी लावू नये.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी
दिनांक : सत्राचा १४३ वा दिवस

सोबत :
१) एकतीस मुलांची यादी. प्रत्येक नाव मुलाकडे पाहून लिहिले आहे.
२) ‘सर्वाधिक सराव करणारा वर्ग’ हे प्रशस्तिपत्रक, परत.