वरचा थर

पान पहिले

मी, लोकर निवडणारी, या गोदामाच्या मालकांची विधवा आणि त्यांच्यामागे स्वतः मालक, हे मृत्युपत्र आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम एक. माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, त्यांनी यजमान गेल्यापासून माझी आणि गोदामाची जी काळजी वाहिली ती साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. म्हणून खालची मालकाची खुर्ची, तिच्यामागचे भिंतीवरचे घड्याळ आणि यजमानांची काठी मी त्यांना देते. त्या खुर्चीत बसायची त्यांची इच्छा फार जुनी आहे. ती त्यांचीच.

पान दुसरे

भाऊजी वाचतील ते वरचेच पान, तेव्हा आता मोकळेपणाने लिहिते.

कलम दोन. गोदाम, निवडीची खोली, वजनकाटा, वरच्या मजल्यावरच्या राहत्या खोल्या आणि बँकेतली शिल्लक मी माझ्या सुनेला देते. माझा मुलगा गेला तरी ती माझी सूनच आहे. भाऊजींच्या हिशेबी ती बाहेरची. परवा जिन्यात उभं राहून ते तिला म्हणाले, "वहिनींच्या मागे तुझी ट्रंक मीच खाली आणून देईन. तेवढी मदत करतो." ती वर आली आणि माझ्यासमोर बसून लोकर निवडायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग मलाच आवरेना.

कलम तीन, माझ्या वेडाबद्दल. उद्या सकाळी भाऊजी डॉक्टरांना घेऊन येणार आहेत. माझं डोकं फिरल्याचा दाखला मिळाला की माझा कागद रद्दी आणि कारभार त्यांच्या हाती. पुरावा काय, तर वहिनी लोकर कानाशी धरून ऐकत बसतात.

बसते खरी. लोकरीची बट दोन्ही टोकांना धरून ताणायची आणि कानाजवळ टिचकी मारायची. चांगली लोकर तारेसारखी वाजते. मेंढी मध्ये आजारी पडली असेल, उपाशी राहिली असेल, तर तेवढ्याच जागी केस बारीक होतो आणि तिथे कट्‌ होऊन बट तुटते. असा माल पिंजताना भुगा होतो. भाऊजींनी गेल्या हंगामात ट्रकभर आणलेली लोकर अशीच होती, ती मी परत पाठवली. तेव्हापासून मी वेडी. माझ्या माहेरीही लोकरच होती, आणि भाऊजींना बट वाजवायला मीच शिकवलं. परक्याने वेडी म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. यांनी माहीत असून म्हटलं, ते मला फार लागलं आहे.

सुनेचा कान तयार आहे. मुलगा गेला त्या वर्षाची बारीक जागा आम्हा दोघींत राहिली आहे. तिथे तिला कोणी ताणू नये, म्हणून कलम दोन.

कलम चार. माझी लोकरीची शाल धाकट्या जावेला, म्हणजे भाऊजींच्या बायकोला. तिचं माझं काही वाकडं नाही. शाल भिजली तरी ऊब देते, पण गरम पाण्यात घालून चोळायची नाही. आटून पायपुसणं होईल, आणि आटलेली लोकर पुन्हा सुटत नाही. हे तिला दोनदा सांगून झालं आहे, आता कायद्याने सांगते.

कलम पाच, साक्षीबद्दल. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. मी त्याच्यासमोर सही केली आणि शुद्धीत होते, एवढंच लिहायचं. जो आज हे लिहील, त्याला उद्या मला वेडी ठरवता यायचं नाही. म्हणून साक्षीला मला भाऊजीच हवेत. साक्षीदाराच्या पदरात काही पडू नये असं म्हणतात. तसं असेल तर खुर्चीही गेली, त्याला माझा इलाज नाही.

लबाड व्यापारी गठ्ठ्याच्या वर चांगली लोकर लावतात आणि आत मातेरं भरतात. आत हात घातल्याशिवाय माल घ्यायचा नाही, हेही भाऊजींना मीच शिकवलं होतं. त्यांनी तो कधी घातला नाही. मालकाची खुर्ची म्हणजे मालकी असं ते धरून चालतील. मी लिहिली आहे ती नुसती लाकडाची खुर्ची.

मधलं पान दुमडून लोकरीच्या दोऱ्याने टाचते आहे. त्यांनी दोरा सोडला तर सुनेच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. ती दुसऱ्या साक्षीसाठी वजनकाट्यावरच्या काटेवाल्यांना बोलवायला गेली आहे. भाऊजी खाली खाकरत बसले आहेत. मला भीती वाटते आहे. तिला वेड म्हणू नये. आता त्यांना हाक मारते.

शेवटचे पान

स्थळ: निवडीचं टेबल, खिडकीजवळ.
दिनांक: कातरणीचा हंगाम संपल्यानंतरचा पहिला सोमवार.

(सही) लिहून ठेवणार, गोदामाची मालकीण

साक्षीदार पहिले, गोदामातले काटेवाले: बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. अक्षर नेहमीचंच, ठसठशीत. (सही)

साक्षीदार दुसरे, धाकटे दीर: वहिनींनी माझ्यासमोर सही केली. त्यांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे, हे मी जबाबदारीने लिहितो. वरचं पान वाचलं. पुढचं वाचायची गरज वाटली नाही. (सही)